एचएमटी तांदूळ नक्की कुणाचा? भाताची दोन वाणं वेगळी आहेत हे कायदा कसं ओळखतो?

किराणा दुकानात किंवा मोबाइलवरच्या ॲपवर तांदूळ घेताना ‘एचएमटी’ हे नाव तुम्ही नक्की वाचलं असेल. बारीक दाण्याचा, रोजच्या जेवणातला हा तांदूळ. पण हे वाण कुठल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं नाही. ते एका शेतकऱ्याने शोधलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड शहर ते वेगळं. या गावातले दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी.

१९८३ साली त्यांना आपल्या शेतात ‘पटेल ३’ या धानाच्या पिकात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणे पिवळसर होते. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी त्यांचे दाणे वेगळे पेरले आणि पुढची काही वर्षं हेच करत राहिले. बियाणं वाढलं, आसपासच्या शेतकऱ्यांनी नेलं, बाजारात त्याला भाव मिळाला. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकप्रिय होती, त्यावरून वाणालाही तेच नाव पडलं.

पुढे १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या केंद्राने त्यांच्याकडून बियाण्याचा नमुना नेला आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. आम्ही शास्त्रीय पद्धतीने शुद्धीकरण करून हे वाण तयार केलं, अशी विद्यापीठाची भूमिका होती. वाण मुळात माझं आहे, असं खोब्रागडे सांगत राहिले.

कुणाचं बरोबर? हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याचं उत्तर देण्यासाठी आधी एक साधी गोष्ट ठरवावी लागते. ही दोन वाणं वेगळी आहेत की एकच? आणि ते ठरवण्याची एक पद्धत आज आपल्या कायद्यात आहे.

कायदा काय सांगतो?

भारत १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्या करारानुसार प्रत्येक देशाला पिकांच्या वाणांसाठी कुठल्या तरी स्वरूपाचं कायदेशीर संरक्षण देणं भाग होतं. एक तर पेटंट द्या, नाहीतर स्वतःचा वेगळा कायदा करा. भारताने दुसरा मार्ग घेतला आणि २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. तो राबवणारं प्राधिकरण २००५ मध्ये दिल्लीत सुरू झालं. कायद्याच्या नावातच ‘शेतकरी हक्क’ हे शब्द आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येतील.

या कायद्याखाली वाणाची नोंदणी करायची तर त्याला तीन परीक्षा पास व्हाव्या लागतात. शेतीच्या जगात त्यांना ‘डीयूएस चाचणी’ म्हणतात.

• वेगळेपणा: माहितीतल्या इतर सगळ्या वाणांपासून हे वाण किमान एका महत्त्वाच्या लक्षणात स्पष्ट वेगळं हवं. एक लक्षण पुरतं, पण फरक स्पष्ट हवा.
• एकसारखेपणा: शेतातली सगळी झाडं आपापसात सारखी दिसायला हवीत. भेसळीची झाडं किती चालतील याची मर्यादा ठरलेली असते.
• स्थिरता: यंदा जसं वाण आहे तसंच ते पुढच्या पिढ्यांतही राहायला हवं.

नवं वाण म्हणून नोंदणी हवी असेल तर नावीन्याची अटही लागते. म्हणजे अर्जाच्या आधी भारतात एक वर्षाहून जास्त काळ त्याची विक्री झालेली नसावी.

रोपापासून दाण्यापर्यंत ६२ नोंदी

आता मुख्य प्रश्न. भाताचं शेत लांबून पाहिलं तर सगळं हिरवंच दिसतं. मग फरक शोधायचा कुठे?

भारतात भातासाठी तब्बल ६२ लक्षणांची यादी ठरलेली आहे. हैदराबादची भारतीय तांदूळ संशोधन संस्था या कामातली प्रमुख संस्था आहे. यादीतलं प्रत्येक लक्षण पिकाच्या कुठल्या अवस्थेत पाहायचं हेही ठरलेलं असतं. त्यामुळे निरीक्षण करणारा माणूस पीक उगवल्यापासून कापणीनंतरपर्यंत शेताच्या फेऱ्या मारत असतो. त्यातल्या काही नोंदी पाहू.

रोप लहान असताना: बुडाशी पानाचा जो भाग खोडाला वेढून असतो, त्याचा रंग पाहतात. काही वाणांत तो हिरवा असतो, काहींत जांभळ्या रेषा असतात, काहींत पूर्ण जांभळा. हा जांभळा रंग वांग्याच्या सालीत आणि जांभळात असतो त्याच प्रकारच्या रंगद्रव्याचा. तो त्या वाणाच्या जनुकांतून येतो, म्हणून ओळखीला उपयोगी पडतो.

पान वाढल्यावर: पान जिथे खोडापासून सुटं होतं तिथे नीट पाहिलं तर एक पातळ पडदा दिसतो आणि दोन्ही बाजूंना कानासारखे छोटे भाग दिसतात. या पडद्याचा आकार आणि रंग, त्या ‘कानां’चा रंग, पानावरची लव, पानाची लांबी-रुंदी या सगळ्याची नोंद होते. भातात उगवणारं एक तण अगदी भातासारखं दिसतं, पण त्याला हा पडदा आणि हे कान नसतात. अनुभवी शेतकरी तण ओळखताना नेमकं इथेच बघतात. शास्त्रज्ञांची यादी आणि बांधावरचं ज्ञान इथे एकच आहे.

लोंबी येताना: निम्म्या झाडांना लोंबी दिसायला लागली तो दिवस मोजतात. ७१ दिवसांच्या आत असेल तर अति लवकर, ७१ ते ९० लवकर, ९१ ते ११० मध्यम, १११ ते १३० उशिरा आणि त्याहून पुढे असेल तर अति उशिरा.

फुलोऱ्यात: भाताचं फूल इतकं छोटं असतं की आपलं लक्षही जात नाही. पण त्याच्या आतला पिसासारखा स्त्रीकेसराचा टोकाचा भाग भिंगातून पाहिला तर तो पांढरा, पिवळा, फिकट हिरवा किंवा जांभळा असू शकतो. दोन वाणं बाहेरून जुळ्या भावंडांसारखी असली तरी कधी कधी इथे वेगळी निघतात.

पीक तयार होताना: खोडाची उंची, लोंबीची लांबी, लोंबी ताठ आहे की वाकलेली, पूर्ण बाहेर आली आहे की थोडी आतच अडकली आहे, दाण्याला कुसळ आहे का, असेल तर किती लांब आणि कुठल्या रंगाचं, टरफलाचा रंग कसा, हे सगळं पाहतात. लोंबी सोडून खोडाची उंची ९१ सेंटिमीटरच्या आत असेल तर ते अति बुटकं, १५० च्या वर गेलं तर अति उंच.

कापणीनंतर: एक हजार भरलेल्या दाण्यांचं वजन करतात. टरफल काढून तांदळाची लांबी, रुंदी, आकार, रंग आणि वास तपासतात. शिजवल्यावर भात मोकळा होणार की चिकट, हे स्टार्चच्या ज्या घटकावर बरंचसं अवलंबून असतं त्या अमायलोजचं प्रमाणही मोजतात. वासासाठी प्रयोगशाळांत एक जुनी, सोपी पद्धत आहे. तांदूळ किंवा पान पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवायचं आणि झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. एवढ्या यंत्रांच्या जमान्यातही इथे माणसाचं नाक कामाला येतं.

प्रत्येक लक्षणाला १ ते ९ यांमधला एक अंक दिला जातो. उदाहरणार्थ, सुगंध नसेल तर १, असेल तर ९. शेवटी वाणाचं वर्णन ६२ नोंदींच्या रांगेत उतरतं. आधार कार्डावर जसा फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन जोडलेलं असतं, तसंच हे वाणाचं ओळखपत्र.

घरी करून बघा

यातली एक नोंद तुम्ही स्वयंपाकघरात करू शकता. न शिजवलेल्या तांदळाचे दहा अखंड दाणे घ्या. पट्टीच्या कडेला एकापुढे एक लावून एकूण लांबी मोजा आणि दहाने भागा. मग तेच दाणे आडवे चिकटवून ठेवा आणि रुंदी काढा. लांबीला रुंदीने भागा.

• लांबी ६ मिलिमीटर किंवा जास्त आणि भागाकार ३ किंवा जास्त: लांब सडपातळ
• लांबी ६ मिलिमीटर किंवा जास्त, पण भागाकार ३ हून कमी: लांब जाड
• लांबी ६ हून कमी आणि भागाकार ३ किंवा जास्त: आखूड सडपातळ
• लांबी ६ हून कमी आणि भागाकार २.५ ते ३: मध्यम सडपातळ
• लांबी ६ हून कमी आणि भागाकार २.५ हून कमी: आखूड जाड

भारतात तांदळाच्या दाण्याचं हे वर्गीकरण अनेक दशकं वापरात आहे. दुकानातल्या ‘कोलम’ नावाच्या दोन पाकिटांवर हा प्रयोग करा. दोन्हींचा आकडा बराच वेगळा आला तर नाव एक असलं तरी वाणं वेगळी असण्याची शक्यता मोठी.

एकदा पाहून भागत नाही, कारण...

उंची, लोंबीची लांबी, दाण्याचं वजन ही लक्षणं खत, पाणी आणि हवामानाप्रमाणे बदलतात. तेच बियाणं खाचराच्या खोलगट भागात उंच वाढेल आणि वरकस जमिनीत बुटकं राहील. म्हणून ‘माझं वाण शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच आहे’ एवढं पुरत नाही.

यावर उपाय म्हणजे तुलना एकाच शेतात करायची. नव्या वाणाची चाचणी किमान दोन ठिकाणी आणि दोन सारख्या हंगामांत होते. शेजारी त्याच्याशी जुळणारी वाणं आणि प्रत्येक लक्षणाचा नमुना म्हणून ठरलेली वाणं लावतात. सगळ्यांना तेच पाणी, तेच खत, तीच लावणी. एवढं करूनही फरक टिकला तरच तो वाणाचा फरक.

मग थेट डीएनए का तपासत नाहीत? डीएनएची मदत घेता येते, पण कायद्याच्या दृष्टीने वाण ओळखायचं ते त्याच्या लक्षणांवरून. याला कारणही आहे. डीएनएमध्ये बारीकसारीक फरक जवळपास प्रत्येक वेळी सापडतील. त्यावरच नोंदणी द्यायची ठरवली तर दुसऱ्याचं वाण घ्यायचं, त्यात एखादा नगण्य बदल दाखवायचा आणि ‘हे नवं’ म्हणून आपल्या नावावर करायचं, हे फार सोपं होईल. शेतात उभ्या पिकात दिसणारा फरक मागितला की ही पळवाट बरीच अरुंद होते.

आता पुन्हा एचएमटीकडे

भात हे मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळणारं पीक आहे. त्यामुळे एका झाडाचे दाणे पेरले की पुढची झाडं बहुतेक त्याच्यासारखीच येतात. शेतात वेगळी दिसलेली लोंबी निवडून काही वर्षं वेगळी जपली तर एक वाण स्थिर होऊ शकतं, याचं कारण हेच. खोब्रागडे यांनी केलं ते निवड पद्धतीने वाण तयार करणं होतं. शास्त्रज्ञही ही पद्धत वापरतात.

शुद्धीकरण म्हणजे काय? वर्षानुवर्षं हातोहात फिरलेल्या बियाण्यात इतर वाणांचे दाणे मिसळतात. त्यातली नमुनेदार झाडं निवडायची, भेसळ काढून टाकायची आणि एकसारखं बियाणं तयार करायचं. हे काम खरं आहे, गरजेचं आहे आणि त्याला कष्टही लागतात.

पण डीयूएसच्या भाषेत पाहिलं तर शुद्धीकरणाने वाण मुख्यतः दुसऱ्या परीक्षेत, म्हणजे एकसारखेपणात, जास्त गुण मिळवतं. पहिली परीक्षा वेगळी आहे. ‘हे वाण आधीच्यापेक्षा स्पष्ट वेगळं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘आता ते जास्त स्वच्छ आहे’ असं असू शकत नाही. घर रंगवून घेतलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसंच हे.

असा वाद आज झाला तर दोन्ही बियाणी शेजारी शेजारी लावून ६२ लक्षणं तपासता येतील. फरक निघाला तर तो कुठल्या लक्षणात, हे कागदावर येईल. नाही निघाला तर तेही कागदावर येईल. पण १९९४ मध्ये नमुना नेला गेला तेव्हा हा कायदाच नव्हता. शेतकऱ्याने शोधलेल्या वाणाचं वर्णन त्याच्या नावावर नोंदवून ठेवण्याची अशी सोयच नव्हती. त्यामुळे वाद शब्दांवरच राहिला.

खोब्रागडे यांना २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. त्यांनी विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, दीपकरत्न, डीआरके अशी आणखी वाणं काढली. पण लाखो ताटांत पोचलेल्या तांदळातून त्यांच्या हाती पैसा फारसा लागला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा उपचारांच्या खर्चासाठी कुटुंबाला मदतीचा शोध घ्यावा लागल्याच्या बातम्या आल्या होत्या.

शेतकऱ्यांच्या वाणांसाठी काय सोय आहे?

आजच्या कायद्यात ‘शेतकऱ्यांचं वाण’ असा स्वतंत्र प्रकार आहे. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने जपलेलं किंवा विकसित केलेलं वाण त्यात येतं. गावठी वाणात थोडीफार विविधता असतेच, म्हणून त्यांच्यासाठी एकसारखेपणाची अट काहीशी सैल ठेवली आहे. शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्क भरावं लागत नाही. अर्ज मंजुरीच्या वाटेवर असताना त्याची माहिती प्राधिकरणाच्या नियतकालिकात छापली जाते आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी तीन महिने मिळतात.

आणखी दोन तरतुदी एचएमटीसारख्या प्रकरणात थेट लागू पडतील अशा आहेत. एक, नवं वाण तयार करणाऱ्याने आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेलं बियाणं वापरलं असेल तर ते अर्जात उघड करावं लागतं. लपवलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दोन, शेतकऱ्यांच्या वाणापासून थेट काढलेल्या वाणासाठी त्या शेतकऱ्यांची संमती लागते.

पिकांसाठी नोंदणीची मुदत एकूण १५ वर्षांची असते, झाडं आणि वेलींसाठी १८ वर्षांची.

मग शेजाऱ्याला ते बियाणं पेरता येणार नाही का?

येईल. सोशल मीडियावर या कायद्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कायद्याचं कलम ३९ सांगतं की शेतकरी नोंदणीकृत वाणाचं बियाणंसुद्धा राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. बंदी एकाच गोष्टीला आहे. त्या वाणाचं नाव छापून, पाकीटबंद ‘ब्रँडेड’ बियाणं म्हणून विकता येत नाही.

२०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर नोंदणीकृत वाण पिकवल्याबद्दल दावे केले. चार जणांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून जास्त भरपाई मागितली. देशभर विरोध झाला, कलम ३९ ची चर्चा झाली आणि कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीवरची कायदेशीर लढाई मात्र पुढेही चालली. २०२१ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वाणाची नोंदणी कुणाच्या नावावर आणि शेतकऱ्याचा पेरण्याचा हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे यातून दिसतं.

आणि जीआय म्हणजे?

आजरा घनसाळ, आंबेमोहर, वाडा कोलम यांना जीआय मानांकन मिळालं आहे. ते वेगळ्या कायद्याखाली मिळतं आणि ते नाव आणि प्रदेश यांचं नातं जपतं. म्हणजे ‘आजरा घनसाळ’ या नावाने विकायचं असेल तर तांदूळ त्या भागातला हवा. वाण नोंदणी मात्र बियाण्याची असते. कुठेही पिकवलं तरी वाण तेच राहतं. एकाच तांदळाला दोन्ही मिळू शकतात.

तुमच्या घरी जुनं बियाणं असेल तर

कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियात आजही अनेक घरांत आजीच्या काळापासून जपलेलं एखादं भात असतं. त्याची ओळख बहुतेक वेळा घरातल्या एक-दोन माणसांच्या डोळ्यांत आणि बोटांत असते. ती माणसं गेली की ओळखही जाते. नोंदणी करायची असो वा नसो, येत्या हंगामात एक वही करा. पेरणीची तारीख, निम्म्या झाडांना लोंबी आली ती तारीख, बुडाचा रंग, खोडाची उंची, कुसळ आहे की नाही, टरफलाचा आणि तांदळाचा रंग, दहा दाण्यांची लांबी-रुंदी, शिजताना वास येतो का, एवढं लिहा. सोबत पट्टी ठेवून फोटो काढा. थोडं बियाणं वाळवून वेगळं ठेवा आणि त्यावर नाव, गाव, वर्ष लिहा.

पुढे अर्ज करायचा ठरलं तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ मदत करू शकतं. आणि कुणी बियाण्याचा नमुना मागायला आलं तर आनंदाने द्या, पण किती दिलं, कुणाला दिलं आणि कधी दिलं याची सहीनिशी पोच घ्यायला विसरू नका.